फाळके यांचे डोळे आणि जुन्या फोटोचा रंग

आखाजी जवळ आली की तळोद्यात घरोघरी भिंतीवरच्या तसबिरी उतरवून पुसल्या जातात. घागर भरायची, पितरांना नैवेद्य दाखवायचा, तर फोटो स्वच्छ हवा. काही घरांत पितरांचा धड फोटोच नसतो. असतो तो ओळखपत्रावरचा किंवा कुणाच्या तरी लग्नात घाईने काढलेला रंगीत फोटो. मग तो मोबाईलमध्ये घेऊन जुना केला जातो. एका टिचकीसरशी तपकिरी झाक येते, कडा काळवंडतात, वरून दोन-चार ओरखडे पडतात. परवापरवापर्यंत ओट्यावर बसणारे आजोबा शंभर वर्षांपूर्वीचे वाटू लागतात. लग्नसराईत नवरा-नवरीचे फोटोही हौसेने असेच जुने करून घेतले जातात.

यात वावगे काही नाही. पण हा जुनेपणा आला कुठून? खऱ्या जुन्या फोटोत कपाळाचे कुंकू काळे का दिसते, आकाश पांढरेफटक का, माणसे एवढी गंभीर का? मोबाईलमधली एक टिचकी ज्याची नक्कल करते, त्यामागे रसायनांचा आणि माणसाच्या डोळ्यांचा मोठा इतिहास आहे. तो समजून घ्यायचा तर एका मराठी माणसाचे आयुष्य पाहावे. चित्रपटाचे जनक म्हणून त्यांना सगळे ओळखतात. त्याआधीची पंचवीसेक वर्षे ते फोटो, ठसे आणि छपाईच्या रसायनांत बुडालेले होते, हे मात्र फारसे कुणाला आठवत नाही.

त्र्यंबकेश्वर ते बडोदा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुलानेही पोथ्या वाचाव्यात अशी घराची रीत होती, पण मुलाचा ओढा चित्रे आणि सोंगे यांकडे. वडील मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकवू लागले आणि कुटुंब मुंबईला आले. १८८५ मध्ये धुंडिराज सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथून पुढे ते बडोद्याला गेले आणि कलाभवनात शिकले.

कलाभवन ही सयाजीराव गायकवाडांच्या राज्यातली आगळी संस्था होती. तिचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. चित्रकला, रंगकाम, छपाई, छायाचित्रण या सगळ्या विद्या तिथे एका छपराखाली होत्या. फाळके यांनी १८९० मध्ये कॅमेरा घेतला होता. त्यांचा नाद पाहून गज्जरांनी त्यांना संस्थेची फोटो-प्रयोगशाळा आणि ग्रंथालय खुले करून दिले. चित्रकाराचा डोळा आणि रसायनशाळेतला हात असे दोन्ही त्यांना इथे मिळाले.

तोवर फोटो काढणे बरेच सोपे झाले होते, आणि त्याचे श्रेय एका आजारी डॉक्टरकडे जाते. त्याआधीच्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला चिकट द्रव पसरवायचा, काच चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ती ओली असेपर्यंतच फोटो काढून धुवायचा. हेच कलोडियन शस्त्रवैद्य जखमेवर लावत. ते वाळले की पातळ पापुद्रा धरतो. पण बंद अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास ईथरची वाफ हुंगणे वाईट. इंग्लंडमधले डॉ. रिचर्ड लीच मॅडॉक्स सूक्ष्मदर्शकातून फोटो काढत. या वाफांनी त्यांची प्रकृती बिघडली, म्हणून त्यांनी पर्याय शोधला. १८७१ मध्ये त्यांनी कलोडियनऐवजी जिलेटिन वापरण्याची पद्धत मांडली. पुढे इतरांनी ती सुधारली आणि आधीच तयार करून ठेवता येणाऱ्या कोरड्या काचा बाजारात आल्या.

ओल्या पद्धतीत आणखी एक धोका होता. फोटो पक्का करण्यासाठी अनेक जण पोटॅशियम सायनाइड वापरत. दुसरा आणि सुरक्षित पर्याय होता हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. गंमत अशी की सायनाइडची विषबाधा झालेल्या रुग्णाला आजही ज्या औषधांचा आधार असतो, त्यांत हेच सोडियम थायोसल्फेट आहे. एक्स-रेच्या फिल्म धुतल्या जात होत्या तोवर रुग्णालयांच्या अंधाऱ्या खोल्यांतही हायपोचा हौद असे.

डोळा, ठसा आणि मोबाईल

कलाभवनातून फाळके यांना रतलामला पाठवण्यात आले. तिथे बाबूलाल वरुवाळकर यांच्याकडे ते तीन रंगांचे ठसे बनवायला शिकले. ही विद्या आज मोबाईल वापरणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात आहे, म्हणून ती जरा सावकाश पाहू.

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. एक प्रकार लांब तरंगांना, म्हणजे तांबड्याकडच्या प्रकाशाला अधिक दाद देतो, दुसरा हिरव्याला, तिसरा निळ्याला. या तिघांच्या बेरजा-वजाबाक्यांतून मेंदू सारे रंग रचतो. यातला एक प्रकार नीट चालत नसेल तर माणसाला तांबडे-हिरवे वेगळे करता येत नाही. यालाच आपण रंगांधळेपण म्हणतो.

तीन रंगांचा ठसा हीच युक्ती कागदावर करतो. एकाच चित्राचे तीन फोटो काढायचे, एक तांबड्या काचेतून, एक हिरव्या, एक निळ्या. प्रत्येकाचा वेगळा ठसा करायचा आणि निळसर, गुलाबी-तांबडी व पिवळी अशा तीन शाया एकावर एक नेमक्या बसवायच्या. केसभर सरकले तरी चित्र दुहेरी दिसते. मोबाईलचा कॅमेराही प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे नोंदवतो. फाळके यांच्या हातात तीन काचा होत्या, आपल्या खिशात तीन आकडे आहेत.

इथेच जुन्या फोटोचे गुपित आहे. चांदीचे क्षार मुळात फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा अतिनील प्रकाश पाहतात. १८७३ मध्ये जर्मनीत हर्मान फोगेल यांनी रंगद्रव्य मिसळून त्यांना हिरवाही दाखवला. तांबडा मात्र पुढे बराच काळ सर्वसाधारण काचांना आणि फिल्मना दिसत नव्हता. अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा चालतो तो त्यामुळेच.

म्हणून जुन्या फोटोत निळे आकाश ढगांसकट पांढरे होऊन जाते, कुंकू काळे पडते आणि लाल लुगडे शोकाच्या वस्त्रासारखे दिसते. त्वचेचेही तसेच. त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य तांबड्यापेक्षा निळा प्रकाश अधिक शोषते. त्यामुळे सावळा माणूस अशा फोटोत होता त्याहून काळा येतो आणि चेहऱ्यावरचे वांग, डाग ठळक होतात. त्वचारोगतज्ज्ञ डाग किती दूर पसरलेत हे पाहायला अतिनील किरणांचा दिवा वापरतात, तो याच गुणावर. आपल्या पणजोबांच्या काळवंडलेल्या चेहऱ्यात उन्हाचा जितका वाटा आहे, तितकाच कॅमेऱ्याच्या आंधळेपणाचाही आहे.

प्लेग आणि एक अफवा

शिक्षण झाल्यावर फाळके यांनी गोध्रा येथे फोटो स्टुडिओ थाटला. धंदा बरा चालला होता. मग प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत उद्‌भवलेली ही साथ पाहता पाहता पश्चिम भारतभर पसरली. गोध्र्यात फाळके यांची पत्नी आणि मूल त्या साथीत दगावले. तिशीतल्या या माणसाने तो गाव सोडला.

ते पुन्हा बडोद्याला आले, पुन्हा कॅमेरा लावला. पण आता गिऱ्हाईक येईना. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढलेला माणूस मरतो, अशी समजूत लोकांत पसरली होती. ज्याच्या घरातून साथीने दोन जीव नेले, त्याच्याच यंत्राला लोक मृत्यूचे कारण समजू लागले होते.

आज हसू येईल, पण त्या वेळची स्थिती ध्यानात घ्यायला हवी. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. उंदरांवरच्या पिसवांमधून तो माणसाला लागतो हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों यांनी मांडले, तरी ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. हाफकिन यांची लस आली होती, पण तिच्याविषयीही लोकांच्या मनात भीती होती. मृत्यू डोळ्यांसमोर आणि कारण अदृश्य, अशा वेळी माणूस दिसेल त्या नव्या वस्तूवर बोट ठेवतो. परवाच्या करोना साथीत मोबाईलच्या मनोऱ्यांवर असेच बोट ठेवले गेले होते. फाळके यांनी लोकांची समजूत घालून पाहिली, राजघराण्यातल्या एकाला फोटोसाठी राजीही केले, तरी धंदा उभा राहिला नाही.

मग त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. जादू शिकले आणि आपलेच नाव उलटे करून प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे प्रयोग केले. गिरिजा करंदीकर यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. त्याच पुढे सरस्वतीबाई फाळके म्हणून ओळखल्या गेल्या.

लोणावळ्याचे दिवस

१९०३ मध्ये फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून लागले. काही वर्षांतच ती नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला. जवळच मळवलीला राजा रविवर्मा यांनी सुरू केलेला प्रसिद्ध छापखाना होता. घराघरांतल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी तिथून निघत. त्या छापखान्यासाठी फाळके फोटोवरून दगडावर चित्र उतरवण्याचे काम करू लागले.

हे काम बायक्रोमेटच्या जोरावर चाले. जिलेटिनमध्ये हा नारिंगी क्षार मिसळून कागदावर थर द्यायचा आणि त्यावर निगेटिव्हमधून ऊन घ्यायचे. उजेड पडेल तिथे जिलेटिन कडक होते, बाकी जागी मऊ राहते. कडक भाग शाई धरतो, मऊ भाग पाणी धरतो. मग शाईचे चित्र दगडावर उमटवायचे. जुन्या छपाईतल्या त्या मुलायम छटा अशा मिळत.

पण बायक्रोमेट हातांना सोडत नाही. त्यातल्या क्रोमियममुळे त्वचेवर इसब येते आणि बारीकशा जखमेत ते शिरले तर खोल, लवकर न भरणारे व्रण होतात. फोटो धुण्याच्या मेटॉलने अनेकांच्या हातांना खाज आणि भेगा पडत. चांदीच्या क्षाराने बोटे काळी होत. हाच सिल्व्हर नायट्रेट एके काळी नवजात बाळांच्या डोळ्यांत थेंब म्हणून घातला जाई, आईकडून आलेल्या जंतूने बाळ आंधळे होऊ नये म्हणून. मात्रा सांभाळली तर औषध, हातमोज्याविना रोजचा संग केला तर इजा. त्या काळच्या फोटो आणि छपाईच्या कारागिरांना हातमोजे ही चैन होती.

छापखाना पुढे दादरला आला, भागीदार बदलले आणि त्याचे नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाले. १९०९ मध्ये रंगीत छपाईची नवी यंत्रे आणण्यासाठी फाळके जर्मनीला जाऊन आले. छपाईचा दर्जा वाढला, नाव झाले, आणि भागीदारांशी मतभेद होऊन १९११ मध्ये ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. वय एकेचाळीस.

दृष्टी गेली तेव्हा

त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण चालू लागले. त्या दिवसापासून त्यांना दुसरे काही सुचेना. मिळेल तो चित्रपट पाहायचा, मिळेल ते पुस्तक आणि साहित्य मागवायचे, रात्रंदिवस प्रयोग करायचे. सहा महिने त्यांना रोज जेमतेम तीन तास झोप मिळाली. त्या काळचा पडदा लुकलुकणारा, सभागृह अंधारे, घरी दिव्याच्या उजेडात बारीक अक्षर.

एक दिवस डोळ्यांनी साथ सोडली. पाहणे हाच ज्याचा धंदा, त्याला दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांनी वेळीच उपचार केले आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीने फाळके यांची दृष्टी परत आली. यातला वेळीच हा शब्द मोलाचा आहे. अचानक दिसेनासे होणे ही डोळ्यांची तातडीची स्थिती असते. कारण बुबुळाचे असो, काचबिंदूचे असो की पडद्याचे, काही तासांच्या उशिरानेही दृष्टी कायमची जाऊ शकते. घरगुती थेंब, मध किंवा दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब घालत बसण्याची ती वेळ नव्हे.

एकेचाळिसाव्या वर्षी चष्मा लागणे मात्र स्वाभाविक. जवळच्या चष्म्याला मराठीत चाळिशी म्हणतात ते उगाच नाही. डोळ्यातले भिंग या वयात ताठर होऊ लागते आणि जवळचे धूसर दिसते. त्यात सतत एकटक पाहिले तर पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोके धरते. पडद्याकडे पाहिल्याने डोळा कायमचा खराब होत नाही, पण त्याला विश्रांती हवी असते. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, वीसेक फुटांवर नजर टाकणे हा साधा नियम मोबाईलवर फोटो घासत बसणाऱ्यालाही लागू आहे.

भिंगाची आणखी एक गोष्ट जुन्या फोटोशी जुळणारी आहे. वय वाढते तसे हे भिंग पिवळट होत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. मोतीबिंदू पिकत आलेल्या माणसाला सगळे जग जुन्या फोटोसारखे पिवळट-तपकिरी दिसते, पण बदल इतका सावकाश होतो की त्याला पत्ता लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघाली की पुष्कळ जण आकाशाच्या निळाईनेच चकित होतात. मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही. शस्त्रक्रिया हाच त्यावरचा उपाय आहे आणि सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते.

हरिश्चंद्राचा प्रकाश

दृष्टी परतली तसे फाळके थांबले नाहीत. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कॅमेरा खरेदी केला, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म मागवली आणि १ एप्रिलला परतले.

पैसे लावणारा मिळावा म्हणून त्यांनी एक प्रयोग केला. कुंडीत बी पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि रोप वाढेल तसे एक-एक चित्र टिपत गेले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात उलगडली. अंकुराची वाढ हा आपल्याकडचा असा पहिलावहिला विज्ञानपटच. तो पाहून कर्ज मिळाले. उरलेली तूट सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरली. फिल्मला अंधारात छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे, वर चित्रीकरणाला आलेल्या सगळ्यांचे जेवणखाण, हे त्यांच्याकडे होते.

राजा हरिश्चंद्र दादरला दिवसाच्या उजेडात चित्रित झाला. तारामती झाले ते अण्णा साळुंके, कारण एकही स्त्री कॅमेऱ्यासमोर उभी राहायला तयार नव्हती. फिल्म सुमारे ३७०० फूट, चार रिळे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ती लोकांसमोर आली.

त्या दिवशी लोकांनी काय पाहिले? आज आपल्याला दिसते ते नक्कीच नाही. फिल्म कोरी होती, तिच्यावर ओरखडे नव्हते. माणसेही तुरुतुरु धावत नव्हती. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत आणि सेकंदाला चोवीसपेक्षा कमी चित्रे घेत. तीच फिल्म पुढे वेगवान यंत्रावर चालवली म्हणून माणसे धावू लागली. आपले पूर्वज आपल्यासारखेच चालत होते.

जन्मखूण आणि सुरकुती

जुन्या छायाचित्राची नक्कल करणाऱ्याने हा फरक ओळखला पाहिजे. डॉक्टर तपासताना जन्मखूण आणि वयाने आलेली सुरकुती वेगळी करतो, तसेच इथे करायचे. पांढरे आकाश, काळे कुंकू, लांबच्या उघडिपीमुळे धूसर झालेला हलता हात, कडांकडे मंदावणारा उजेड या त्या पद्धतीच्या जन्मखुणा. ओरखडे, पिवळे डाग, फिकेपणा या वयाच्या सुरकुत्या. मोबाईलमधली तयार टिचकी बहुधा सुरकुत्या चिकटवते आणि जन्मखुणा विसरते. तिने जुन्या केलेल्या फोटोत आकाशातले ढग तसेच राहतात आणि कुंकूही करडेच राहते.

खरी नक्कल करायची तर रंगीत फोटोतले तीन आकडे उपयोगी पडतात. तांबड्याचा भाग काढून टाकायचा, हिरव्याचा अगदी थोडा ठेवायचा आणि निळ्यावरच कृष्णधवल चित्र उभे करायचे. लगेच आकाश पांढरे होते, त्वचा सावळते, लाल साडी काळी पडते. मग कडांचा उजेड कमी करायचा, कडेचे बारकावे किंचित मऊ करायचे. शेवटी रंग द्यायचा, तोही जाणून. चांदीच्या फोटोला गंधकाचा संस्कार दिला की चांदीचे सल्फाइड बनते आणि सेपियाची तपकिरी येते. वाल्ह्या-तोड्यांची चांदी काळी पडते तीच ही क्रिया. फोटोच्या बाबतीत ती हितकर, कारण सल्फाइड चांदीपेक्षा टिकाऊ असते. निळी झाक हवी तर ती सायनोटाइपची, जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली. तो निळा म्हणजे प्रशियन निळा. प्रयोगशाळेत अस्थिमज्जेतले लोह तपासताना काचेवर हाच निळा उमटवतात आणि थॅलियमच्या विषबाधेवर तोच औषध म्हणून देतात.

उलटा प्रवास मात्र जपून करावा. जुन्या कृष्णधवल फोटोत रंग भरून देणारी साधने आता सहज मिळतात. पण ज्या काचेला तांबडे दिसलेच नाही, तिच्यात तांबड्याची नोंद नसते. पणजीच्या लुगड्याला संगणकाने दिलेला रंग हा अंदाज असतो. तो फोटो भिंतीवर लावावा, पण मूळ फोटो फेकू नये आणि मागे लिहून ठेवावे की हा रंग नंतरचा आहे.

मागे उरले ते

पुढची वर्षे फाळके यांची होती. लंकादहन गाजला. १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान फिल्म्स ही कंपनी निघाली. कालियामर्दनमध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. मग बोलपट आले आणि काळ त्यांच्या पुढे निघून गेला. १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांच्या फिल्म नायट्रोसेल्युलोजच्या होत्या. कलोडियन ज्याचे बनते तोच हा पदार्थ, भडकन पेटणारा आणि वर्षांनुवर्षे आपणहून कुजत जाणारा. त्यांच्या कामातले बरेचसे त्यातच नाहीसे झाले. राजा हरिश्चंद्रचा आज काही भागच पाहायला मिळतो.

ज्या माणसाने आयुष्यभर तीन रंगांचा हिशेब अचूक बसवला, त्याच्याकडून तळोद्यासारख्या गावाने घेण्याजोगी एक गोष्ट आहे. आता इथूनही आजाराचे फोटो मोबाईलवरून नंदुरबारला, धुळ्याला, सुरतेला तज्ज्ञांकडे जातात. अंगावरचे चट्टे, बाळाची कांती, सिकलसेलच्या रुग्णाच्या डोळ्यांतली पिवळी झाक यांचा रंग हाच तिथे पुरावा असतो. चेहरा उजळ करणारी सोय चालू राहिली तर चट्टा पुसला जातो. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत निरोगी माणसाला कावीळ दिसते आणि तपकिरी झाकेत खरी कावीळ लपते.

म्हणून असा फोटो काढताना सगळ्या सजावटी बंद कराव्यात. दिवसा, खिडकीजवळ, थेट ऊन टाळून फोटो घ्यावा. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवावा, म्हणजे पाहणाऱ्याला खऱ्या पांढऱ्यावरून बाकीचे रंग ताडता येतात. चट्ट्याशेजारी एखादे नाणे ठेवले तर आकार कळतो. आणि शंका राहिली तर फोटोवर न विसंबता रुग्णालयात यावे. आखाजीचा फोटो हवा तितका जुना करावा, आजाऱ्याचा फोटो मात्र आजचा आणि जसा आहे तसाच पाठवावा.